मागच्या सीटवरची मास्तरीण

मास्तरांना बोलायला फार आवडायचं, आणि नशिबाने धंदाही असा मिळाला होता की ऐकणाऱ्याला उठून जाता येत नसे. शाळेतला मास्तर बोलत सुटला तर पोरं खिडकीबाहेर बघतात, जांभया देतात, मागच्या बाकावर खुशाल डुलक्या काढतात. इथे ती सोय नव्हती. मास्तर गाडी शिकवत. शिकणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, डोळे रस्त्यावर खिळलेले, कपाळावर घाम, आणि कान तेवढे मोकळे. त्या मोकळ्या कानांत मास्तर वर्षानुवर्षं बोलत आले होते.

गाडी छोटी, पांढरी, चहूबाजूंनी पोचे आलेली. कोणता पोचा कोणी दिला ते मास्तर झोपेतही सांगू शकत. डाव्या दाराचा डेअरीवाल्याने, मागच्या बंपरचा एका निवृत्त न्यायाधीशांनी. "साहेबांनी निकाल भिंतीच्या विरोधात दिला, पण भिंत काही ऐकेना," असं मास्तर सांगत. त्यांच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला होता. "तुम्ही बिनधास्त चालवा, थांबवायचं काम माझ्याकडे," हे पहिल्या दिवसाचं ठरलेलं वाक्य. मग थोडं आरशांविषयी, थोडं गिअरविषयी, आणि तिथून पुढे सगळा अभ्यासक्रम धाकटीच्या ताब्यात जाई.

"आमची धाकटी काय म्हणते माहितीये का?" मास्तर विचारत. "म्हणते, ब्रेक म्हणजे मुंगी. चिरडायची नाही. नुसतं अंगठ्यानं सांगायचं, बाई, जरा थांब."

शिकणारा हसे. हसला की पाय सैल पडे, आणि गाडी हिसका न देता थांबे.

"आमची धाकटी म्हणते, रिव्हर्स घेताना जीभ बाहेर काढली की गाडी सरळ जाते."

पन्नाशीचे हेडक्लार्क इकडेतिकडे बघून हळूच जीभ बाहेर काढत आणि गाडी मागे घेत. गाडी खरोखरच सरळ जाई. आता यात विज्ञान काय ते मास्तरांना विचारू नये. लायसन्स मिळालेल्या माणसांना ही धाकटी चांगली ठाऊक असायची. परीक्षा पास झाल्यावर कोणी तिच्यासाठी चॉकलेट आणून देई. "देतो हं," म्हणत मास्तर ते डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकत. तो कप्पा उघडला की वितळून परत घट्ट झालेल्या चॉकलेटांचा एक ढीग दिसे.

कारण खरी गोष्ट अशी, की धाकटी दोन वर्षांपूर्वीच गेली होती.

गाडीत बसणाऱ्या कोणालाही हे माहीत नव्हतं. आणि गाडीत धाकटी रोज बोलते, हे घरात कोणालाही माहीत नव्हतं. मास्तरांची सगळी कसरत एवढीच होती, की या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ पडू नये. घरी कळलं तर बायको कोसळेल, आणि मग गाडीतली धाकटीही बंद करावी लागेल. ती बंद झाली तर मास्तरांकडे दुसरी नव्हती.

धाकटी जन्मली तीच टाहो फोडत. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी झाली." मास्तर म्हणाले, "ऐकू आलं." घरात तिचं नाव भोंगा पडलं ते तेव्हापासून. आई बुटांच्या दुकानात, लहान मुलांच्या विभागात कामाला. थोरली शाळेत. मग दुपारी भोंग्याला सांभाळायचं कोणी? मास्तरांनी तिला मागच्या सीटवर उशी घालून, पट्टा बांधून बसवली आणि धडे चालू ठेवले. तिचा पहिला शब्द कोणता, यावर नवराबायकोचं कधीच एकमत झालं नाही. आई म्हणे 'आई'. मास्तर म्हणत 'क्लच'.

चार-साडेचार वर्षांची झाली तशी ती स्वतःच शिकवायला लागली. लग्न ठरलेला एक तरुण सारखा मधल्या आरशात भांग बघायचा. त्याला ती मागून म्हणाली, "काका, स्वतःला नका बघू. तुम्ही छान आहात. मागचा ट्रक बघा." त्या दिवसापासून मास्तरांनी तिला पगारी नोकर करायचं कबूल केलं. पगार म्हणजे सिग्नलला एकदा हॉर्न वाजवू देणं.

पाच वर्षांची असताना तिला ताप यायला लागला, जायचा आणि परत यायचा. नडगीवर निळे डाग दिसले. ही पुढच्या सीटला लाथा मारते, दुसरं काय, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग एका तपासणीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, आणि शेवटी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना खुर्च्यांवर बसवून रक्ताचा कर्करोग म्हणून सांगितलं. त्या शब्दाच्या पुढचं मास्तरांना काहीही ऐकू आलं नाही. बायकोला सगळं ऐकू आलं. तिने घरी आल्यावर औषधांची नावंसुद्धा जशीच्या तशी सांगितली.

त्यानंतर बायको बिनपगारी रजा घेऊन वॉर्डात राहायला गेली. मास्तर दिवसभर गाडी शिकवत, कारण घर चालायला हवं होतं, आणि संध्याकाळी डबा घेऊन जात. तोवर धाकटी औषधांनी गुंगलेली असायची. एखाददुसरं वाक्य बोले, बाबांचा अंगठा मुठीत धरे आणि झोपून जाई. मधे काही महिने बरे गेले. केस परत उगवले, वजन वाढलं, ती एकदा मागच्या सीटवरसुद्धा येऊन बसली. मग आजार उलटला. शेवटी आई आणि बाबा दोघंही तिच्याजवळ होते. यापलीकडे त्या दिवसाविषयी मास्तर स्वतःशीसुद्धा बोलत नसत.

घरी भेटायला माणसांची रीघ लागली. त्यातल्याच एका दिवशी बायको म्हणाली, "तिचं नाव काढू नका. मला सहन होत नाही." मास्तरांनी ते वाक्य झेललं आणि घराचा कायदा करून टाकलं. बोलक्या माणसाने एकदा गप्प बसायचं ठरवलं की तो मुक्यालाही मागे टाकतो. भोंग्याचे कपडे, खेळणी वरच्या कपाटात गेली. थोरली कानात हेडफोन घालून फिरू लागली. बायको कामावर परत गेली आणि मालकाला सांगून तिने मुलांचा विभाग सोडला. आता ती पुरुषांचे काळे, तपकिरी, कुठल्याही गमतीचे नसलेले बूट विकायची. मुलं किती, असं कोणी विचारलं तर 'एक' म्हणून सांगायची.

आणि मास्तर? मास्तर गाडीत परत बसले तेव्हा बऱ्याच दिवसांनी परत सरावाला आलेल्या एका जुन्या शिकणाऱ्याने मागे वळून विचारलं, "हे काय, आज मागची मास्तरीण नाही?"

"शाळेत गेलीय," मास्तर म्हणाले.

जीभच ती. मालकाला न विचारता चालते. पण बोलल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या एका वाक्यावर त्यांनी अख्खा दिवस काढला. दुसऱ्या दिवशी तिचं एक जुनं वाक्य सांगितलं, तिसऱ्या दिवशी दुसरं. माणसं हसायची. हसण्याच्या त्या क्षणापुरती मागची सीट रिकामी नसायची.

हे असंच निभावलं असतं. एक घोळका शिकून गेला की दुसरा येतो. त्याच पंधरावीस गोष्टी जन्मभर पुरल्या असत्या. पण मध्येच चष्म्याच्या दुकानाच्या बाई शिकायला आल्या. बाई साठीच्या उंबरठ्यावर, स्वतःचं दुकान, स्वभावाने लोण्याहून मऊ, आणि गाडीत बसल्या की दगड. पहिल्या परीक्षेत त्यांनी खांब पाडला. दुसऱ्या परीक्षेत खांब वाचला, पण परीक्षकाचा चहा त्याच्या शर्टावर सांडला. बाई हटल्या नाहीत. परत परत नाव घालत राहिल्या. आता एकच बाई महिनोन्महिने शेजारी बसते म्हटल्यावर गोष्टी किती पुरणार? मास्तरांचा साठा संपला. आणि वर बाई विचारणार, "आता कितवीत गेली हो धाकटी?"

"दुसरीत," मास्तरांनी सांगून टाकलं. पुढच्या जूनमध्ये तिसरीत घातली. तिला नवं दप्तर घेतलं, तिचा दात पाडला, तिचं वर्गातल्या एका मुलाशी भांडण लावलं. गणिताच्या बाई तास संपला तरी थांबेनात, तेव्हा धाकटीने शिट्टी वाजवून त्यांना थांबवलं. ताईला चष्मा लागला म्हणून धाकटी रुसून बसली, मलाही हवा, माझेच डोळे मेले चांगले! चष्म्याच्या बाई एवढ्या हसल्या की गाडी बंद पडली. मास्तरांना दिवसभर हलकं वाटलं. थोडीशी भीतीही वाटली, पण ती त्यांनी गिअर बदलतात तशी बदलून टाकली.

आणि बाई एकदाच्या पास झाल्या.

रविवारची सकाळ होती. मास्तर न्हाणीघरात आरशासमोर उभे, गालभर साबण, हातात वस्तरा. दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं आणि ओळखीचा आवाज आला, "मास्तरांचं घर हेच ना? मी त्यांची विद्यार्थिनी. तुम्ही वहिनी ना?"

मास्तरांचा वस्तरा जागच्या जागी थांबला.

"पास झाले हो वहिनी! म्हटलं, आधी इथे यायचं. मास्तरांना पेढे देईन सावकाश, पण खरी गुरू कुठाय माझी? तिच्यासाठी आणलंय हे. धाकटी कुठाय?"

 नळ ठिबकत होता. अशा वेळी माणसाने धाडकन दार उघडून बाहेर यावं, हे कोणीही सांगेल. पण सांगणाऱ्याच्या तोंडाला साबण लागलेला नसतो.  मास्तर बादली उलटी घालून तिच्यावर बसले.

"ती... बाहेर गेलीय," बायकोचा आवाज आला. "या ना. बसा."

कप वाजले. खुर्ची सरकली. मग बायको म्हणाली, "हे काय आणलंत?"

"चष्मा. बिननंबरी. ताईसारखा हवाय म्हणून रुसली होती ना? म्हटलं, आपल्या दुकानात काय कमी आहे. आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा घेतलाय. मास्तर म्हणाले, परवाच आठ पूर्ण झाली. सैल झाला तर घेऊन या तिला, कानामागे जरा वाकवून देते."

"आठ," बायको म्हणाली.

"आणि काय हो वहिनी, काय मुलगी आहे तुमची!"

"काय काय सांगतात मास्तर?" बायकोने विचारलं. "मला सांगा ना."

बाईंनी सांगितलं. मुंगी सांगितली, जीभ सांगितली, भांग पाडणारा तरुण सांगितला, दप्तर, दात, शिट्टी, सगळं यथासांग सांगितलं. मास्तर बादलीवर बसून स्वतःच्याच गोष्टी दाराआडून ऐकत होते. गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता. मध्ये एकदा बायकोचा आवाज आला. ती हसली की रडली ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं हसणं ओळखता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली.

बाई गेल्या. दार लागलं.

"झाली का दाढी?" बायकोने विचारलं.

मास्तर बाहेर आले. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक लाल, इवलासा चष्मा ठेवला होता.

"आठ वर्षांची झाली म्हणे," बायको म्हणाली.

मास्तर गालावरचा वाळलेला साबण नखाने खरवडू लागले.

"तिसरीत आहे म्हणे. मला कळवायचं तरी! मी आई आहे तिची. एकटे एकटेच मोठी करत होतात होय तिला?"

मास्तरांनी शिव्या खायची तयारी केली होती, रडण्याची केली होती, डॉक्टरला बोलवायचीही केली होती. या प्रश्नाची त्यांनी काही तयारी केलेली नव्हती.

"तूच म्हणाली होतीस," ते कसेबसे म्हणाले. "तिचं नाव काढू नका म्हणून."

"मी? कधी?"

"त्या पहिल्या आठवड्यात. सगळे आले होते तेव्हा."

 "अहो, तुमच्या मामी आल्या होत्या त्या दिवशी! माझ्यासमोर बसून विचारत होत्या, शेवटी रक्ताच्या किती बाटल्या चढवल्या म्हणून. त्यांना म्हटलं मी ते!"

"मला वाटलं, सगळ्यांनाच म्हणालीस."

"आणि दोन वर्षं गप्प बसलात?"

"तू म्हणालीस ना, सहन होत नाही..."

"मामी सहन होत नव्हत्या मला!" बायको ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तुम्हालाच नकोय तिच्याविषयी बोलायला. तुम्ही, आणि गप्प! मी म्हटलं, माणूस एवढा मोडलाय तर आपण कशाला खपली काढा."

आता यावर हसावं की डोकं आपटावं? दोघांनीही यातलं काहीच केलं नाही. मास्तर खाली बसले. बायकोने टॉवेल आणून त्यांचा अर्धा गाल पुसला, जरा जोरातच पुसला, आणि समोर बसली.

"शिट्टीचं खोटं आहे," ती म्हणाली.

"हो."

"दाताचं पण. तिचा एकही दात पडला नव्हता. मुंगीचं खरं. जिभेचंही तिचंच, पण ते ती चित्र काढताना म्हणायची. तुम्ही गाडीला लावलंत."

"असं?" मास्तर दचकले. "मला वाटलं, रिव्हर्सला..."

"चित्राला. आणि पाऊस पडला की गाडीला साबण लावायचा, म्हणजे पाणी वाचतं, हे काय?"

"ते तिचं. नक्की तिचं. सिग्नलला म्हणाली होती."

"ते माझंय," दारातून आवाज आला. थोरली क्लासहून आली होती, खांद्याला बॅग तशीच. हेडफोन गळ्यात लोंबत होते. "मी म्हटलेलं ते. पहिलीत असताना. बाबा, माझं वाक्य तुम्ही तिच्या नावावर खपवलंत?"

बायकोला हसू फुटलं. अगदी खरं, पोट धरून. थोरलीही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पण मास्तरांना हसू येईना.  कुठलं धाकटीचं, कुठलं थोरलीचं, कुठलं आपण काल सिग्नलला उभे असताना रचलेलं, हे त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं. सांभाळून ठेवायला म्हणून ते रोज तिच्याविषयी बोलत होते, आणि रोज थोडी थोडी भेसळ करत होते. दूधवाल्याला नावं ठेवायची आणि आपण काय वेगळं केलं?

"तिचा आवाज मला नीट आठवत नाही गं," मास्तर म्हणाले. आणि ते रडले. दोन वर्षांचं साठलेलं रडले, मुलीसमोर, अर्ध्या दाढीने, उघड्यावर. थोरलीने बॅग खाली ठेवली आणि ती त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

बायकोने चष्मा उचलला. दांड्या उघडल्या, मिटल्या. "ही आठ वर्षांची मुलगी चांगली असेल," ती म्हणाली. "हुशारही असेल. पण मी हिला ओळखत नाही हो. मला नको ही. माझी सहा वर्षांची होती."

चष्मा परत करायचा, हे तेव्हाच ठरलं. आणि का करतोय ते खरं खरं सांगायचं, हेही ठरलं. मास्तर म्हणाले, "फोनवर सांगू?" बायकोने नुसतं बघितलं. मास्तरांनी उरलेली दाढी केली आणि शर्ट बदलला.

चष्म्याचं दुकान लांबट, काचांनी मढवलेलं, भिंतीभर रिकामे चष्मे एकटक बघत असलेले. बाई काउंटरमागे होत्या. दोघांना बघून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! सैल झाला ना? मला वाटलंच. कुठाय ती, गाडीत बसलीय?"

मास्तर चष्मा काउंटरवर ठेवून उभे राहिले. शेकडो माणसांना त्यांनी रहदारीत गाडी घालायला शिकवलं होतं. मागून हॉर्न वाजत असताना घाबरून चालत नाही, हळूहळू का होईना पुढे जायचं असतं, असं ते सगळ्यांना सांगत. बायको शेजारी होती. तिने मदत केली नाही, फक्त थोडी जवळ सरकली.

"बाई, ती आता नाही," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं झाली. रक्ताचा कर्करोग होता. सहा वर्षांची होती. तुम्ही शिकायला आलात त्याच्या आधीच गेली ती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

हे शब्द त्यांनी याआधी कधीच उच्चारले नव्हते. त्यांना वाटलं होतं, बोलून झाल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. रस्त्यावरून एक स्कूटर गेली.

बाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या फडक्याने एकच काच पुसत राहिल्या. रागावल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. शेवटी त्या बायकोला म्हणाल्या, "म्हणजे मी सकाळी तुमच्या घरी येऊन... वहिनी, मी काय काय बोलले हो!"

"बरं झालं बोललात," बायको म्हणाली. "दोन वर्षांत माझ्या घरी येऊन तिच्या बोलण्यावर कोणी हसलं नव्हतं."

मग बाईंनी चष्मा खणात ठेवला आणि नोकराला चहा सांगितला. चहा कोणाला नको होता, पण तिघांनीही घेतला. निघताना बाई म्हणाल्या, "मास्तर, पुढच्यांना सांगू नका असं मी म्हणणार नाही. सांगा. पण होती तेवढीच सांगा."

दोघं गाडीत येऊन बसली. मास्तरांनी पट्टा लावला, आरसा सारखा केला, आणि किल्ली फिरवण्याआधी म्हणाले, "होती तेवढीच म्हणजे आता दहाबारा गोष्टी उरल्या. बाकी सगळा माझाच माल निघाला."

बायको समोर बघत होती. मग म्हणाली, "तिनं मोठ्या डॉक्टरांना नापास केलेलं, माहितीये तुम्हाला?"

"काय?"

"वॉर्डात लायसन्सची परीक्षा घ्यायची ती. सलाईनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमधून जायचं, बादलीला वळसा घालायचा आणि रिव्हर्समध्ये पलंगापर्यंत यायचं. सगळी पोरं द्यायची. नर्सनी पण दिली. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले, तर म्हणाली, तुमच्याकडे लायसन्स आहे का? ते म्हणाले, नाही बुवा. मग घेतली परीक्षा. मागे सगळे शिकाऊ डॉक्टर उभे. त्यांनी स्टँड भिंतीला घासला. ही म्हणाली, नापास. पुढच्या आठवड्यात या."

मास्तरांनी किल्लीवरचा हात काढला.

"आले पुढच्या आठवड्यात," बायको म्हणाली. "एकटेच आले, राउंड नसताना. पण तोवर तिला बोलवत नव्हतं. पडून होती. तरी त्यांनी स्टँड घेतला, बादलीला वळसा घातला, आणि सगळा कॉरिडॉर उलटं चालत पलंगापर्यंत आले. कुठं टेकवला नाही. मग तिच्याकडे बघत उभे राहिले. तिनं डोळे उघडले आणि मानेनंच पास केलं त्यांना. तुम्ही त्या दिवशी शिकणाऱ्यांना लायसन्सच्या परीक्षेला घेऊन गेला होतात."

मास्तर हसले.  धाकटी त्यांच्याशी दोन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी नवीन बोलली होती, आणि ते खरं होतं.

"अशा आणखी आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत की. किती महिने होते मी तिथे. दिवसभर तिची बडबडच तर असायची."

"मग मला कधी सांगितल्या नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मास्तरांनी गाडी सुरू केली. घर अगदी जवळ होतं, पहिल्याच सिग्नलला डावीकडे. त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी लांबच्या रस्त्याला घातली.